मर म्हणजे झाड

निपाणी,
रविवार

प्रिय त्रिशला,

फोनवर तू घाईत असतेस आणि मी उगाच हसत राहते, म्हणून आज लिहायला बसले. तुझ्याच घरात, सरांच्या खाटेशेजारी. व्हिडिओवर तुला तुझे आप्पा 'टवटवीत' दिसले आणि तू येणं जानेवारीवर ढकललंस. दिसणारच की! फोन लावण्याआधी मालुबाई त्यांची दाढी करते, इस्त्रीचा सदरा घालते, उशीला टेकवून बसवते.

अर्धांगाच्या झटक्यानं सरांचं मराठी पार पुसून नेलं. उभा जन्म आम्हाला मराठीतून जीवशास्त्र शिकवलं, आणि उरली ती तुमच्या घरातली कन्नड, तीही चार-दोन शब्दांची. मालुबाई कागलकडची, तिला कन्नडचा गंध नाही. कामाला लागली तेव्हा एकदा पदर डोळ्याला लावून माझ्याकडं आली. "बाई, सर सारकं मला मर मर म्हंत्यात. मी काय वाकडं केलंय त्यांचं?" मला हसू आवरेना. म्हटलं, अगं, कन्नडात मर म्हणजे झाड. शाळेमागच्या आंब्याची चौकशी करतायत ते. तेव्हापासून ती ताट घेऊन जाताना म्हणते, "मर बरं हाय तुमचं, जेवा आता." आणि सर निमूट जेवायचे.

त्या आंब्याखाली बसवूनच शिकवायचे ना आपल्याला? परीक्षेतला तो प्रश्न तुला आठवत असेल. खोडाची साल कड्यासारखी सोलली, तर आधी काय मरतं? आपण दोघींनी ऐटीत 'पानं' लिहिलं आणि शून्य घेतलं. सर म्हणाले, पानं कशाला मरतील? पाणी आतल्या लाकडातून वर चढतच राहतं. पण पानांनी केलेलं अन्न सालीतून खाली उतरतं, ती वाट तुटली. मूळ उपाशी मरतं, आणि वरून बरेच दिवस कुणाला पत्ता लागत नाही. त्या शून्यानं मला वनस्पतिशास्त्राची प्राध्यापक केलं, नाहीतर मीही आईसारखी तंबाखूच्या वखारीत गेले असते. तू तर मुळांचाच अभ्यास करायला जर्मनी गाठलीस.

तुला सांगायचा धीर झाला नाही, पण जूनमध्ये त्या आंब्याची साल कुणीतरी सोलली गं. हातभर रुंद, चारी बाजूंनी. उभं झाड तोडायला परवानगी लागते, वाळलेल्याला कोण विचारतो? मी कोवळ्या फांद्या कापून जखमेच्या वरच्या सालीपासून खालच्या सालीपर्यंत कलमं बांधली, सरांनी शिकवली होती तशीच. एकही धरलं नाही. पानं मात्र पावसाळाभर हिरवीगार. मी रोज एक पान आणून सरांच्या हातात द्यायची. ते चुरगळून हुंगायचे, अर्ध्या ओठानं हसायचे. मला तेवढ्यानं बरं वाटायचं, सगळं शिकलेलं असूनही.

आता सर पेजेवर आलेत, तीही निम्मी ओघळते. डॉक्टर मला दाराबाहेर नेऊन बोलतात. माझा धीर सुटलाय, त्रिशला. रस्त्यानं चालताना रडू येतं आणि लोक बघतात.

आज सकाळी गेले तर आंबा करपलेला. एक हिरवं पान मिळेना. दुसऱ्या झाडाचं आणलं असतं, पण वासावरून सरांनी ओळखलं असतं. वाळकंच दिलं. त्यांनी ते बोटांत फिरवलं, हुंगलं नाही. माझ्याकडं बघून स्पष्ट म्हणाले, "मर." मालुबाई विचारते, बाई, झाडच म्हणाले न्हवं? ते कन्नड होतं की त्यांचं मराठी परत आलं होतं, मला खरंच कळलं नाही. तू त्यांची लेक, तुला नुसत्या आवाजावरून कळेल. जानेवारीपर्यंत थांबू नकोस. ये.

तुझीच,
उपासना