पाण्याच्या टाकीचा फोटो

आबा, तुम्ही तारघरात होतात तेव्हा कोणाची तार कोणाला कळू देत नव्हतात. आईनं विचारलं तरी म्हणायचात, "ज्याची तार, त्याची." आता माझ्या फोनवर दिवसभर सगळ्यांच्या बातम्या येतात. आमचा एक ग्रुप आहे, काही इथले, काही बुऱ्हाणपूर सोडून पुण्या-इंदूरला गेलेले. तिथे सध्या एकच विषय चालतो: शत्रू आता तोफा आणत नाही, खोट्या बातम्या पेरतो, माणसांना एकमेकांवर उठवतो, देश आतून पोखरतो. मी त्यावर लांबलचक लिहायची. "मॅडम, काय अभ्यास आहे तुमचा!" तीस वर्षं शाळेत मराठी शिकवून झालं नाही तेवढं कौतुक या वयात घरबसल्या व्हायला लागलं आणि मला त्याची चटक लागली.

मागच्या महिन्यात एका सकाळी कोणीतरी फोटो टाकला. राजपुऱ्याकडच्या पाण्याच्या टाकीपाशी एक माणूस वाकून मोबाईलनं पाइपांचे फोटो काढतोय. "हा कोण?" एवढंच विचारलं होतं. मी चष्मा लावला आणि लिहिलं, "ज्या टाकीचं पाणी आपण पितो, तिचे फोटो कोणाला हवे असतात? विचार करा. सावध राहा." आणि भाजी निवडायला बसले. दुपारपर्यंत ते वाक्य माझ्या नावाशिवाय गावभर फिरलं आणि त्याला शेपूटही फुटलं, की टाकीत काहीतरी कालवलंय. शनवारा चौकात लोकांनी त्या माणसाला घेरलं, त्याचा फोन आपटून फोडला, मनगट पिरगाळलं. पोलिसांनी सोडवून नेलं, पण संध्याकाळपर्यंत बसवून ठेवलं. तो पाइपलाइनच्या ठेकेदाराकडे कामाला होता. गळणाऱ्या जोडाचे फोटो इंजिनिअरला पाठवत होता. ठेकेदारानं दुसऱ्या दिवशी त्याच्या जागी दुसरा माणूस लावला.

चार दिवसांनी त्याची बायको माझ्या दारात आली. "ओळखलं का मॅडम? मी सातवीत तुमच्याकडे होती." मी ओळखलं नव्हतं. ती म्हणाली, "लोक बोलतात, ते तुम्ही लिहिलं. मी सांगितलं त्यांना, हमारी मॅडम ऐसा लिखही नहीं सकती. पण हे म्हणाले, एकदा विचारून तर ये."

मी म्हटलं, "चहा घेशील?"

ती चहा प्याली, माझ्या पाया पडली आणि गेली. मी नाही म्हटलं नाही, हो म्हटलं नाही. तिनं जाताना कप विसळून ठेवला होता, तो मी उगाच पुन्हा धुतला. आणि तिथेच, मोरीपाशी, मला तुम्ही आठवलात.

हैद्राबाद अजून देशात आलं नव्हतं तेव्हाचे ते दिवस. मी सात वर्षांची. तिकडून टोळ्या येणार, असं जो तो बोलायचा. एका दुपारी तुम्ही तारघरातून लवकर आलात, दार लोटून घेतलंत आणि डोक्याला हात लावून बसलात. ताप होता तुम्हाला. मी नळावर जाऊन बायकांना सांगितलं, "तार आली. ते लोक तापीपर्यंत आले." सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या, ते मला फार आवडलं. तासाभरात गल्लीची दारं लागली आणि पिढ्यान्‌पिढ्या आपल्या बायकांना बांगड्या भरणाऱ्या चाचांना पोरांनी ढकलून बाहेर काढलं. त्यांची पेटी उलटी पडली, काचा रस्ताभर.

तुम्ही मारलं नाहीत. सकाळी तापातच उठलात, माझा हात धरून चाचांच्या घरी नेलंत. अजून ते दार दिसतं. तुम्ही म्हणताय, "इसको कुछ कहना है." आणि माझा हात धरून ठेवताय. मी रडतेय. चाचा म्हणतात, "बच्ची है बाबूजी, जाने दीजिए." तुम्ही म्हणता, "बच्ची है, इसीलिए लाया हूँ." मग मी बोलते, "तार आली नव्हती. मी खोटं सांगितलं." त्यांनी मला आत बोलावून पाणी दिलं.

आता हात धरून नेणारं कोणी नाही. मी त्या नवरा-बायकोच्या घरी गेले नाही. ग्रुपवर मात्र लिहिलं. चार वेळा खोडून शेवटी हे लिहिलं: "टाकीबाबत चुकीची माहिती पसरली गेली, याचा खेद वाटतो." वाक्यात कर्ता शोधा म्हणून मी मुलांच्या वह्या लाल करायची. या वाक्यात तो नाही, मी जाणूनबुजून ठेवला नाही.

हे पत्र तुम्हाला पोचणार नाही, म्हणून तेवढं सांगून टाकते. त्या वाक्याखालीही पुष्कळ अंगठे आले. कोणीतरी लिहिलं, "मॅडम, तुमच्यासारखी जबाबदार माणसं हवीत." आणि आबा, मला बरं वाटलं.