अंगाईतला श्वास

धुणं झाल्याची मशीनने शिटी दिली, तेव्हा कळलं की सिनेमाची गाणी कधीच संपली होती आणि मी तशीच बसून होते. कपडे वाळत घातलेत, उठलास की काढ. जेवण झाकून ठेवलंय.

गाण्यांचा पेनड्राइव्ह टेबलावर ठेवून तू झोपलास. नाटकात अंगाई मी गायचे. त्याच नाटकाच्या सिनेमासाठी नमुन्याचं कच्चं गाणंही माझ्याकडूनच घेतलंत, रेकॉर्डिंग तूच केलंस. पक्कं दुसरीने गायलंय, छानच गायलंय. पण तेव्हा पिल्लू पोटात होती, दम पुरेना, म्हणून मी ओळीच्या मध्येच श्वास घेतला होता. तोही तिने तसाच उचललाय. तुझ्या कानांतून ते सुटलं नसणार. गाणं दुसरीला दिलंय, एवढं तरी सांगायचंस. सिनेमा रखडला तितकी वर्षं मी वाट बघत होते रे.

भांडत नाहीये. आपण दोघं एका वेळी जागे असतो कधी? नाटकवाल्यांकडे जाऊन येते, पुन्हा घेतात का बघते. पिल्लूला नेतेय.

ती चपला घालून दारात उभी आहे. रोज झोपताना माझ्याकडून हीच अंगाई ऐकते ना, पेनड्राइव्हवरचं ऐकल्यापासून विचारतेय, “आई, माझं गाणं त्या मावशीला कोणी दिलं?”