अपीलात माझं नाव आधी

३ मार्च
आज आलं ते: निकालाची नक्कल, दोनशे दहा. साखर अर्धा किलो, बावीस. वाती, दहा.
निकाल वाचला. सुनेनं जीव दिला त्याला आम्ही मायलेक जबाबदार म्हणे. मला छळाबद्दल दोन वर्षं, तूर्त जामीन. मुलाला आत्महत्येला प्रवृत्त केल्याबद्दल सात, तो आत. आणि पानापानावर तिचंच कौतुक! सोशिक काय, मनमिळाऊ काय! मी जन्मदाती, तर मला नुसतं ‘आरोपी क्रमांक दोन’.
अपील करायचंच. शंभर टक्के सुटणार.

५ मार्च
वकीलसाहेबांना बजावलं, अपीलात माझं नाव आधी घाला. म्हणाले, काकू, इथे पहिला नंबर कुणी मागून घेत नाही.
संकल्प: कुणाचा हेवा करायचा नाही. मेलेल्या माणसाचा तर नाहीच. जप दुप्पट.

६ मार्च, दुपार
जपात तीच दिसली. शेजारीण साखर मागायला आली. म्हणाली, सून मात्र गुणाची होती हो. पाठवली रिकाम्या हाती.
जप उद्यापासून.

८ मार्च
आमची बाजू चार पानं लिहून नेली. माहेरी फोन माझ्यासमोरच करू दिला, एकटं वाटू नये म्हणून. दोघं दार लावून हसत बसायची, म्हणून कडीच काढून टाकली, हवा खेळावी. त्यानं तिला स्वेटर आणला, तो मी वापरला. तिला तो रंग खुलत नव्हता. पुढे तिला माझ्याच खोलीत झोपवली, अगदी लेकीसारखी.
वकीलसाहेबांनी वाचून चष्मा काढला, डोळे चोळले. मग म्हणाले, काकू, हे कुणाला दाखवू नका, सरकारी वकिलांना आयतंच मिळेल. भारावले असावेत.

११ मार्च
मुलाच्या सहीसाठी वकीलपत्र तुरुंगात गेलं. सही नाही तर त्याचं अपील नाही, आणि मुदत संपत आलीय. पण आईला नाही म्हणेल? जन्मात म्हणाला नाही.

१६ मार्च
वकीलपत्र कोरंच परत. सोबत त्याच्या दोन ओळी: अपील नको. ती माझ्याकडे बघायची, आणि मी तुझ्या तोंडाकडे बघत राहिलो.
घ्या! गेली तरी पोरगा तिच्याच मुठीत.
लगेच उत्तर टाकलं: बाळा, तब्येत जप. देवाचं नाव घे. सही कर. नसेल करायची तर एवढंच सांग, तिच्यात असं काय होतं जे माझ्यात नव्हतं? उलट टपाली कळव.