आईच्या वाटणीचं

३ मार्च
पोचले एकदाची! मामा स्टेशनवर घ्यायला आला होता. आयुष्यात पहिल्यांदा भेटलो, पण लगेच ओळखलं. आईचंच नाक, फक्त खाली मिशी. त्याचं फोटोंना फ्रेमा करायचं दुकान आहे, राहायला वरच्या मजल्यावर. जिनाभर भुशाचा वास. आईच्या माहेरी कुणी उरलंय हेच मला ठाऊक नव्हतं. ती गेल्यावर मामाचाच फोन आला, जगाचे चेहरे टिपतेस, आमचेही टीप की. मालिकेचं नाव ठरलं, ‘आजोळ’. मोठे, काळेपांढरे प्रिंट. गॅलरीवाल्या बाई नावावरच खूश. फ्रेमा मामा फुकट देणार. भाचीकडून पैसे घेतले तर हात झडतील म्हणे!

५ मार्च
मला एक मावशीही आहे! आईहून थोरली. आईनं कधी अवाक्षर काढलं नव्हतं. मागच्या खोलीत असते, खुर्ची भिंतीला लावून, पाठ भिंतीला घट्ट टेकून. जेवतेही तशीच. जरा भित्री आहे, मामा म्हणाला. खिडकीतून सुरेख उजेड येतो, आणि चेहरा तर असा की एकेका सुरकुतीवर थांबावं. फक्त ती लेन्सकडे बघत नाही. माझ्या खांद्यावरून मागे बघते.

९ मार्च
मावशीचे फोटो त्याच रात्री गॅलरीत पाठवले होते. सगळे प्रिंट विकले गेले. बाई म्हणाल्या, बाकीचं आजोळ राहू दे, हीच हवी. गिऱ्हाईक त्या डोळ्यांसमोरून हलत नाही. याहून भेदरलेली मिळेल का, असं हसत विचारलं. मीही हसले.

११ मार्च
मागे भिंत असली की फोटो सपाट येतो. म्हणून मामाला सांगून खुर्ची खोलीच्या मधोमध ओढायला लावली. मावशीनं भिंतीत नखं रुतवली, रंगाचे पोपडे निघाले. मामानं एकेक बोट शांतपणे सोडवलं. मग ती खांदे कानापर्यंत आखडून लहान मुलीसारखी रडली. मी थांबले नाही. असा चेहरा पुन्हा मिळत नाही. तिची नजर माझ्या डाव्या खांद्यावरून हळूहळू उजवीकडे सरकत होती. मग हात जोडून म्हणाली, एकदाच मागे वळून बघ गं, बाळा.
वळले. काही नव्हतं. बंद दार. पुन्हा तिच्याकडे पाहिलं तर रडणं थांबलेलं. मामा तर मटकन खालीच बसला.

१३ मार्च
आजचे फोटो वाया. मावशी थेट लेन्समध्ये बघते. हसते. पाय पसरून खोलीभर ऐसपैस. दोनदा मागून जेवली.
माझ्या मानेवर सारखी कुणाची तरी फुंकर.

१४ मार्च
मामाला विचारलं. खिळे ठोकता ठोकता सांगितलं. आमच्या घरात ते पिढ्यान्‌पिढ्या एकीच्या मानगुटीवर असतं. आजीनंतर धाकटी म्हणून आईची पाळी होती. आई पळाली, म्हणून थोरलीच्या गळ्यात पडलं. आईच्या वाटणीचं मावशीनं जन्मभर भोगलं. रक्तातल्या कुणी आपणहून वळून पाहिलं की जुनी सुटते.
मी ओरडले, मला फसवलंत. तो म्हणाला, आम्ही फोटो काढायला बोलावलं होतं. रडत्या म्हातारीला भिंतीपासून ओढायला तूच सांगितलंस.

१५ मार्च
पाठ भिंतीला. बॅग भरली, पण जिना उतरायचा तर पाठ उघडी — दोन पायऱ्यांवर मानेला काहीतरी लागलं. वर पळाले.
बाईंना फोन केला. हमसून रडले. त्या म्हणाल्या, हीच भीती फोटोत आण, सोनं होईल.

१६ मार्च
मावशी नव्या चपला घालून आली. माझ्या गालावरून हात फिरवला. म्हणाली, अगदी आईवर गेलीस गं. पाय तेवढे तिचे घेतले नाहीस.
दोघं बाहेर गेली. बाहेरून कडी. जिन्यात मावशी कसलं तरी गाणं —

१७
भिंत आहे. पाठीला आहे. मग माझे केस कोण —
बोटं गार नाहीत. उबदार आहेत. वेणी सोडवतंय. हलक्या हातानं, गुंता न ओढता —
वळणार नाही मी. नाही वळणार.
हाक मारतंय. लाडक्या नावानं. ते तर आईशिवाय कुणालाच —