नळीवरचं हळदकुंकू

अर्विंग, दसऱ्यानंतरचा रविवार, २००८

ती. आईस वाकून नमस्कार.

या पत्रात बंदूक आहे, पण घाबरू नकोस, ती माझी नाही. माझे साहेब, डेल, शिकारीसाठी रायफल बनवून घेताहेत. खंडेनवमीला जेवायला आले तेव्हा तिची नवी पोलादी नळी दाखवायला घेऊन आले. मी ती लॅपटॉपशेजारी पूजेत मांडली, ओलं हळदकुंकू लावलं आणि दसऱ्यापर्यंत उचलू दिली नाही. उचलली तर कुंकवाखाली गंज!

मंदीमुळे नोकऱ्या जाताहेत, ऑफिसात रोज कुणाची तरी खुर्ची रिकामी होतेय, त्यात माझा हा पराक्रम. चित्त थाऱ्यावर नव्हतं. तुझे गुडघे कसे आहेत?

काल डेल मलाच बंदुकीच्या दुकानात घेऊन गेले. "आता न गंजणारी, स्टेनलेसची नळी तूच निवड," म्हणाले, "पुढच्या वर्षीही तुझ्या पूजेत ठेवायचीय."

आई, पुढच्या वर्षाचं इथे पहिल्यांदाच कुणी बोललं.

तुझा,
परीक्षित