ओरेस्ट बसत का नाही?

तीर्थरूप स्टेफाताईस,

धाकट्या ओरेस्टचा साष्टांग नमस्कार. (हा नुसता लिहायचा म्हणून लिहिलेला नाही. मी स्वयंपाकघरातल्या बाकावर पालथा पडूनच पत्र लिहितो आहे, त्यामुळे आठही अंगं जिथल्या तिथे टेकलेली आहेत.) तुझे गुडघे, दाजींचा दमा आणि विनिपेगची हवा, तिघांचीही प्रकृती बरी असावी. इकडे सगळं क्षेम. गहू कोठारात पडला, गाय व्याली, कुत्रा जाड झाला. माझीही तब्येत ठणठणीत आहे, एक जागा सोडली तर. त्या जागेबद्दल लिहायला लाज वाटते, पण तू मोठी बहीण आहेस आणि हे पत्र दाजींना वाचून दाखवणार नाहीस, असं धरून चालतो.

त्याचं असं झालं, पेरणीच्या दिवसांत मला बैठकीच्या जागी, अगदी वाटेच्या कडेलाच म्हण, एक गळू आलं. मी दोष ट्रॅक्टरच्या सीटला दिला. सीट बदलली, तिच्यावर मेंढीचं कातडं घातलं, आबांची जुनी उशीसुद्धा ठेवून पाहिली (आबा असते तर त्यांनी ती माझ्या डोक्यात घातली असती). गळूला यातलं काहीच पटलं नाही. ताप भरला, आणि ठणका असा की शिंकायचीही भीती. शेवटी गावातल्या नव्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. पोरगी आपल्या भाचीच्या वयाची, पण हात काय हलका! चीर दिली, पू काढला, आणि मला इतकं बरं वाटलं की तिथल्या तिथे तिला मागणी घालणार होतो. (घातली नाही. पालथ्या माणसाने हा विषय काढू नये.) रोज कोमट पाण्यात बसा आणि आठवड्याने दाखवायला या, असं तिने बजावलं. पाण्यात बसलो, कोबी आंबवायच्या टबात. (यंदा त्यात कोबी घालणार नाही, तू निर्धास्त राहा.) दाखवायला मात्र गेलो नाही. दुखणं थांबलं होतं, आणि काही गोष्टी माणसाने एकदा दाखवल्या तेवढ्या पुष्कळ झाल्या. जखम सुकायची, पुन्हा झिरपायची, आणि ऐन कापणीच्या तोंडावर ते गळू परत टरारून फुगलं.

गहू पिकून उभा, बर्फ कधी पडेल सांगता येत नाही, आणि मला बसता येईना. मग काय, हार्वेस्टर उभ्याने चालवला. मान छताला लागलेली, एक हात चाकावर, त्यामुळे ओळी वाकड्या गेल्या. आपल्याकडचे लोक तुला माहीत आहेत. माणूस चर्चमध्ये पिऊन आला तर कुणी काही म्हणत नाही, पण शेतात ओळ वाकडी गेली की त्याचं काही खरं नाही. शेजारच्या वॉल्टरने रस्त्यावरून ते पाहिलं आणि घरी जाऊन बायकोला, मर्नाला, सांगितलं. प्रार्थनेसाठी एकमेकींना फोन करण्याची चर्चच्या बायकांची जी साखळी आहे, तिचं पहिलं टोक मर्नाच्या हातात असतं. तिथून निघताना मी ‘जरा आजारी’ होतो. शेवटच्या घरी पोचेपर्यंत माझं हृदय गेलं होतं आणि डॉक्टरांनी हात टेकले होते.

दुसऱ्या दिवशी दव वाळल्यावर बघतो तर काय, स्वतःचा पिकलेला गहू तसाच सोडून अख्खं गाव आपले हार्वेस्टर घेऊन माझ्या शेतात! मागून बायका बटाटा भरलेल्या उकडीच्या पेरोगीची पातेली घेऊन. मला रडू आलं, ताई, खोटं कशाला सांगू. पण लगेच मर्नाने ट्रकमधून झुलती खुर्ची उतरवली.

“बस रे ओरेस्ट.”

“नको, उभाच बरा आहे.”

“अरे, हृदयाला आराम हवा. बस म्हणते ना!”

मी बसेना, तसतसे लोक हळवे होऊ लागले. मरणाच्या दारातही उभा आहे म्हणून पुरुषांनी टोप्या काढल्या. फादर वासिल यांनी माझ्या हृदयासाठी लांबलचक प्रार्थना म्हटली, तीही मी उभ्यानेच ऐकली. त्या हृदयाला तेव्हा एवढीच काळजी होती की या लोकांना खरं कळलं तर काय होईल. शेवटी वॉल्टरने मला ट्रकच्या आड ओढलं.

“खरं सांग. छाती की डोकं?”

“त्याच्या बरंच खाली.”

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग खुर्चीकडे, मग पुन्हा माझ्याकडे. “गाढवा, गळू?”

“हळू बोल!”

“अरे, एका हिवाळ्यात पाठ धरली म्हणून मी उभ्याने पत्ते खेळायचो, आठवतं? ती पाठ नव्हती. आणि त्या लाल हार्वेस्टरवरच्या मायरॉनची पण पाठच होती म्हणे! मी अंगावर काढलं, तर भगंदर होऊन बसलं. तू तसं करू नकोस, बाबा.”

ताई, गळू फुटल्यावरही मला इतकं हायसं वाटलं नव्हतं. गहू संध्याकाळपर्यंत आत आला आणि मी डॉक्टरीणबाईंसमोर पुन्हा पालथा झालो. माझंही भगंदरच निघालं. बाई म्हणाल्या, हे शेत पोखरणाऱ्या गोफरच्या बिळासारखं असतं, एक तोंड आत, एक बाहेर. बाहेरचं कितीही बुजवा, आतून चालूच. गोफर म्हटल्यावर मला सगळं समजलं. तेव्हा काळजीचं काही कारण नाही, मी अगदी मजेत आहे.

तुझा (उभा किंवा पालथा)
ओरेस्ट

ता. क. मर्ना अजून हृदयच धरून बसली आहे आणि मला बिनतुपाचं सूप पाठवते. वॉल्टर म्हणतो, राहू दे, हृदय ऐकायला बरं वाटतं.

आणखी ता. क. पुढच्या गुरुवारी सास्काटूनला ऑपरेशन आहे. त्या बिळात म्हणे दोरा घालून ठेवणार, आणि घरी रोज कुणीतरी जखम धुऊन पट्टी बदलायला हवी. घरी कोण आहे, असं बाईंनी विचारलं. मी म्हटलं, गाय आणि कुत्रा. मर्ना, कशाची पट्टी हे न विचारताच, तयार झाली आहे. ताई, मला भीती वाटते आहे, ऑपरेशनची थोडी आणि मर्नाची फार. आई सांगायची, माझे लंगोट तूच बदलायचीस आणि मी तेव्हा मुळीच रडायचो नाही. तू ये. मी बसवर घ्यायला येतो. स्टँडवर येताना गाडी वॉल्टर चालवेल, घरी जाताना तू चालव, मी मागच्या सीटवर पालथा पडून रस्ता सांगेन.