शेवटचा शब्द गिटारचा

हायडेलबर्ग,
रविवार

प्रिय आण्णा,

सप्रेम जयभीम. क्रांतीताईचा फोन आला होता. गळ्यातली गाठ कसली निघाली ते तिनं सांगितलं, आणि स्वरयंत्र काढायला तुम्ही साफ नकार दिलात तेही. मी मध्येच फोन ठेवला म्हणून ती चिडली. बोलता येईना, म्हणून लिहितोय. मला सरळ लिहिता येत नाही हे तुम्हाला शाळेपासून ठाऊक आहे. फाटे फुटतील, सांभाळून घ्या.

आखन शहरातलं कॉलेज सुटल्यापासून मी इथे सायकलवरून लोकांची जेवणं पोचवतो. तसाच एकदा जुन्या पुलाजवळ लायमन भेटला. अमेरिकन फौजेतून आलेला कृष्णवर्णीय म्हातारा. छावणी उठली, हा इथल्या बायकोपायी, हेल्गाआजीपायी, इथेच राहिला. मांडीवर गिटार, करंगळीत बाटलीचा कापलेला गळा. ती काच तारेवरून घासत नेली की तार माणसासारखी कण्हते. मी ऐकत उभा राहिलो आणि कुणाचं तरी सूप पार थंड झालं. त्या बाईनं दारातच माझा उद्धार केला. असो.

या गाण्याला गॉस्पेल ब्लूज म्हणतात. तुम्ही म्हणाल, देव नाकारलेल्या घरातलं पोरगं आणि चर्चची गाणी? अहो, ऐका तर. मालकाच्या कापसात राबलेल्यांच्या लेकरा-नातवंडांची ही गाणी. गाणारे कितीतरी आंधळे, रस्त्याच्या कोपऱ्यावर उभे. देवाचं नाव घेतात ते जाब विचारल्यासारखं. आणि यांची एक रीत आहे: गाणारा ओळ म्हणतो, शेवटचा शब्द सोडून देतो, तो शब्द गिटार म्हणते. मला आपली गायनपार्टीच आठवली. तुम्ही कानावर हात ठेवून ओळ सोडणार आणि आई, यशपालकाका, मी तो शब्द उचलणार. परभणीच्या जयंतीला काकांच्या तोंडात पान होतं, शब्द पडला, आणि तुम्ही माइकवरूनच विचारलंत, "काय रे यशपाल, झोपलास का?" अख्खं मैदान हसलं होतं.

लायमन मात्र स्वतः गायचा नाही. ओळ हेल्गाआजी म्हणायची, तो फक्त शेवटचा शब्द वाजवायचा. भर उन्हाळ्यातही गळ्याला मफलर. मी डफ घेऊन शेजारी बसायला लागलो, तेव्हा एक दिवस त्यानं मफलर सोडून दाखवला. मानेत भोक होतं. तुमचं काढायचंय तेच त्याचं काढलेलं. आजी म्हणाली, आल्झो, म्हणजे आपलं 'तर', आवाज गेल्यावर हाही मरायला निघाला होता. मीच म्हटलं, ओळ मी म्हणते, तुझा शब्द तू म्हण. आजी भयंकर बेसूर आहे, आण्णा. तरी दर रविवारी या दोघांना ऐकायला चर्च भरायचं.

गेल्या आठवड्यात लायमन गेला. झोपेतच. अंत्यविधीला लोकांनी त्याचंच गाणं धरलं. पहिली ओळ आली आणि शेवटच्या शब्दाआधी सगळे थांबले. सवयीनं. गिटार शवपेटीला टेकवून ठेवलेली. पाद्री मान वर करून बघत राहिले. आजीनं दुसरी ओळ धरली, तिलाही सगळे तिथेच थांबले. माझ्या हातात डफ होता, तो उचलला गेला नाही.

आण्णा, लायमनच्या मुकेपणाशेजारी मी दोन उन्हाळे बसलो, त्यात गाणं होतं. चर्चमधल्या त्या शांततेत काहीच नव्हतं. ताईला तुम्ही म्हणालात म्हणे, आवाजच गेला तर शाहीर कसला. मी तिकीट काढलंय. तुमची हार्मोनियमची पेटी घरात कोपऱ्यात आहे, बोटं धड आहेत. ओळ मी म्हणेन, आजीच्या वरताण बेसूर. शेवटचा शब्द तुमच्या पेटीचा. ऑपरेशनच्या कागदावर सही करा. येत्या जयंतीला आपली माणसं सवयीनं त्या शब्दापाशी थांबतील, आण्णा. त्यांना तसंच उभं ठेवू नका.

तुमचाच, ओळ धरून थांबलेला,
उज्ज्वल